एकोणतीस ऑक्टोबरची घसरण

“त्या वर्षी तुमचं यंत्र बिघडलेलं होतं का?”

चारुलताबाईंच्या हातातलं गाळणं कपावरच थांबलं. इंदूरच्या मल्हारगंजातल्या त्यांच्या घराच्या स्वयंपाकघरात समोर बसलेली मुलगी सकाळीच पुण्याहून आली होती. संहिता तिचं नाव. वैश्विक किरणांवर पीएच.डी. करत होती आणि बाईंच्या जुन्या कॉलेजातून पत्ता काढत गल्लीबोळातून इथपर्यंत पोचली होती. प्रश्न तिनं सरळपणे विचारला होता, दुखवायचं म्हणून नव्हे. तरी बाईंना तो लागला.

“कुठल्या वर्षी?”

“दोन हजार तीन. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा.”

“बिलकुल नाही,” बाई म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या. “एक मिनिट पण बंद नव्हतं. लाइट गेली तर बॅटरी होती ना. तुला कोणी सांगून दिलं बिघडलं होतं म्हणून?”

संहितानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर पाच रेघा होत्या, एकाखाली एक. जगातल्या पाच ठिकाणी त्या आठवड्यात तासातासाला किती वैश्विक किरण मोजले गेले, त्याच्या. वरच्या चार रेघा सरळ चालत येऊन एका जागी कोसळल्या होत्या, आणि मग हळूहळू वर चढल्या होत्या. पाचवी रेघ इंदूरची होती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट होती.

“गेल्या पन्नास वर्षांतल्या मोठ्या सौर वादळांपैकी हे एक,” संहिता म्हणाली. “सगळ्या जगाला दिसलं. फक्त इंदूरला नाही. त्यामुळे इंदूरचा डेटा कोणी वापरतच नाही, ताई. म्हणतात, भरवशाचा नाही. नुसता त्या आठवड्याचाच नव्हे, सगळ्याच वर्षांचा.”

बाईंनी चष्मा नाकावर नीट केला. त्या पाचव्या रेघेकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“ही माझी रेघ नाही,” त्या म्हणाल्या.

चारुलता निमगावकर एकोणीसशे नव्वद साली इंदूरच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळेत लागल्या, तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. वडील परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमध्ये टाइमकीपर होते. मिलचं काम डळमळायला लागलं तशी बी.एस्सी. झालेली मोठी मुलगी नोकरीला लागली. भौतिकशास्त्राचे प्रमुख होते डॉ. प्रतापराव शितोळे. त्यांनी स्वतः उभं राहून, कॉलेजच्या मागच्या बाजूच्या एका खोलीत, वैश्विक किरण मोजणारं यंत्र बांधून घेतलं होतं. लांब नळ्यांचे तीन थर, एकावर एक. एखादा कण तिन्ही थरांतून आरपार गेला की आकडा एकानं पुढे सरकायचा; प्रत्येक थराची वेगळी मोजणीही यंत्रावर दिसायची. दर तासाला एक छोटा प्रिंटर कागदाच्या पट्टीवर एकूण आकडा छापायचा. सकाळी येऊन त्या पट्टीवरचे चोवीस आकडे रजिस्टरमध्ये उतरवायचे, शेजारी हवेचा दाब लिहायचा, नळ्यांचा व्होल्टेज पाहायचा, खाली सही करायची, एवढंच बाईंचं काम होतं. ते त्यांनी चौतीस वर्षं केलं.

हे किरण कुठून येतात, ते त्यांना पहिल्या आठवड्यात शितोळे सरांनीच समजावलं होतं. लांब कुठेतरी फुटलेल्या ताऱ्यांकडून ते येतात. सूर्य आपल्याभोवती सतत वारा सोडत असतो, आणि त्या वाऱ्याबरोबर त्याचं चुंबकत्व सगळ्या ग्रहांच्याही पलीकडे पसरलेलं असतं. बाहेरून येणाऱ्या किरणांना त्यातून वाट काढावी लागते. सूर्य शांत असला की जास्त पोचतात. त्याच्यावर डाग वाढले, तो खवळला, की कमी. अकरा वर्षांत हा फेरा पुरा होतो. बाईंनी असे तीन फेरे मोजले होते. घरी कुणी विचारलं, तू दिवसभर करतेस तरी काय, तर त्या सांगायच्या, “सूर्याचा मूड लिहिते.” भाऊ मुकुल हसायचा. त्या हसायच्या नाहीत.

“चल,” चहा तसाच ठेवून बाई उठल्या. “रजिस्टर दाखवते.”

कॉलेजात आता प्रमुख होते नीरज पाटणकर, बाईंच्याच डोळ्यांदेखत शिकून मोठे झालेले. त्यांनी स्वतः येऊन मागच्या खोलीचं कुलूप उघडलं. बाई निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं यंत्र बंदच होतं. भिंतीशी लोखंडी कपाट होतं आणि त्यात वर्षाला दोन अशी अडुसष्ट रजिस्टरं, पाठीवर बाईंच्या अक्षरात वर्ष आणि महिने.

“पट्ट्या नाहीत का, मूळ छापलेल्या?” संहितानं विचारलं.

“आहेत ना. ती पेटी खोल.” बाई म्हणाल्या. संहितानं एक गुंडाळी उलगडली. कागद पूर्ण कोरा होता. “तो कागद तसलाच येत होता. दोन उन्हाळे गेले की अक्षर उडून जायचं. म्हणून तर हाताने उतरवत होते. सगळे म्हणायचे, खाली-फोकट डबल मेहनत करून राहिल्या आहेत बाई.”

दोन हजार तीनचं दुसरं रजिस्टर त्यांनी न शोधता काढलं आणि पान उघडून खिडकीच्या उजेडात ठेवलं. एकोणतीस ऑक्टोबर, बुधवार. संहिता वाकून वाचायला लागली. सकाळी अकराला एकेचाळीस हजार एकशे वीस. बाराला चाळीस हजार आठशे सत्तर. एकला चाळीस हजार तीनशे दहा. पुढे प्रत्येक तासाला कमी. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत आकडा एकोणचाळीस हजार दीडशेवर आला होता. समासात निळ्या शाईत लिहिलं होतं : ‘तिन्ही थर एकदम उतरले. दाब स्थिर. व्होल्टेज स्थिर. नळी बदललेली नाही. यंत्र ठीक.’

संहितानं मान वर केली. तिचा आवाज बदलला होता. “ताई, वादळ पृथ्वीवर आदळलं ते आपल्या घड्याळानं पावणेबाराच्या सुमाराला. हे तर अगदी... मग कॉलेजनं पाठवलेल्या फाइलमध्ये सपाट कसं काय?”

नीरज सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना थोडंफार ऐकून ठाऊक असावं. बाईंनी पदरानं टेबलाच्या कडेवरची धूळ पुसली आणि सांगितलं. बावीस वर्षांत त्यांनी हे घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी कॉलेजला दिवाळीची सुटी होती. यंत्राला सुटी नसते म्हणून बाई आल्या होत्या, डब्यात चकल्या घेऊन. दुपारी एकची पट्टी पाहून त्यांना वाटलं, एखादी नळी गेली. पण नळी जाते तेव्हा एकटी जाते, तिच्या थराचा आकडा पडतो, बाकीचे दोन थर जागेवर राहतात. इथे तिन्ही थर बरोबरीनं उतरत होते. त्यांनी व्होल्टेज पाहिला, दाब दोनदा पाहिला, एकेका थराची जोडणी तपासली. संध्याकाळपर्यंत त्यांची खात्री पटली होती की यंत्रात काही झालेलं नाही, जे झालंय ते वर झालंय. एवढी घसरण त्यांनी तेरा वर्षांत पाहिली नव्हती. त्या आनंदानं सरांच्या घरी फोन करायला गेल्या.

शितोळे सरांना आनंद झाला नाही. ते त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं. नोव्हेंबरात दिल्लीची समिती यंत्र पाहायला येणार होती, आणि त्यांच्या हातून पुरं झालेलं हे एकच मोठं काम होतं. ते म्हणाले, इंदूर विषुववृत्ताच्या इतकं जवळ आहे की पृथ्वीचं चुंबकत्वच कमी ताकदीचे किरण अडवून धरतं, इथे इतकी घसरण दिसणं शक्य नाही, बिघाडच आहे. सुटी संपल्यावर त्यांनी बाहेर पाठवायच्या कॉम्प्युटर फाइलमधले त्या आठवड्याचे आकडे काढून तिथे आधीच्या दहा दिवसांची सरासरी भरली. आणि बाईंना सांगितलं, रजिस्टरमध्येही तसंच करा.

“मी म्हटलं, सर, तुम्ही सांगाल तर खाली शेरा लिहिते की यंत्राबद्दल शंका आहे. पण आकडा बदलणार नाही. तो मी बनवला नाही ना, तो वरून आलेला आहे.”

“मग?”

“मग काय. पुढच्या सोमवारी मला लायब्ररीत पाठवून दिलं.”

अकरा महिने त्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवत होत्या. गोपनीय अहवालात शेरा आला, ‘वरिष्ठांचे ऐकत नाहीत.’ त्या एका ओळीनं बढती दोनदा हुकली. सर निवृत्त झाले, नवे प्रमुख आले, यंत्राचा व्होल्टेज कुणालाच सांभाळता न आल्यानं मोजणी बंद पडलेली होती, तेव्हा बाईंना परत बोलावलं. त्या आल्या, कपाट उघडलं आणि अकरा महिन्यांची पानं मोजून, प्रत्येकावर तारीख घालून, कोरी सोडली. मग त्या दिवसाचा आकडा लिहिला.

संहिता दोन दिवस त्या खोलीत बसून होती. तिनं बाईंनी लिहिलेला हवेचा दाब विमानतळावरच्या हवामान नोंदींशी ताडून पाहिला. शेकडो दिवस उलटसुलट काढून पाहिले, कुठे फरक सापडला नाही. एकोणतीस ऑक्टोबरच्या आकड्यांची रेघ तिनं इतर चार रेघांखाली ठेवली तेव्हा ती त्यांच्याच तासाला वळली. विषुववृत्तापासून लांबच्या त्या चार ठिकाणी जी घसरण दहा-वीस टक्के होती, ती इथे पाच टक्क्यांच्या आत होती, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ जितकी असायला हवी तितकीच.

“हे त्या वेळी कुणाला मनानं लिहिताच आलं नसतं,” ती नीरज सरांना म्हणाली. “पण अडचण अशी आहे, सर, की जागतिक नोंदीत कॉलेजनंच पाठवलेली फाइल आहे. आता हस्ताक्षरातली दुसरी प्रत दिली तर ते विचारणार, खरी कुठली? फाइलमधले आकडे ज्यांनी बदलले त्यांनी तसं लिहून दिलं पाहिजे.”

“शितोळे सर चौऱ्याऐंशीचे आहेत,” नीरज सर म्हणाले. “और ते कुणाला भेटत पण नाहीत आता. मी जाऊ का, बाई? की एक अर्ज पाठवून देऊ?”

“मीच जाते,” चारुलताबाई म्हणाल्या.

घरी मुकुलला हे सगळं पहिल्यांदाच कळलं तेव्हा तो चिडला. “जाऊ दे ना, ताई. रिटायर झालीस, आरामात राहा. त्या माणसाने तुझी अख्खी नोकरी खराब करून टाकली, आणि तू त्याच्याच दारात जाऊन राहिली आहेस, मतलब काहीतरी मागायला?”

“मागायला नाही जात,” बाई म्हणाल्या. “काम अर्धं राहिलंय, ते करून येते.” त्यांनी नेसायला इस्त्रीची पांढरी साडी काढली, कॉलेजात नेसायच्या तसली.

शितोळे सरांच्या बैठकीत पुस्तकांची कपाटं होती आणि एक उंच पाठीची खुर्ची. सर खूप वाळले होते. पण आवाज तोच होता. संहितानं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. ती थांबल्यावर त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, “निमगावकर, रजिस्टर आणलंय?”

“आणलंय, सर.”

“वाचा.”

बाईंनी रजिस्टर मांडीवर उघडलं. अकरा वाजता, एकेचाळीस हजार एकशे वीस. दाब इतका. बारा वाजता, चाळीस हजार आठशे सत्तर. त्यांचा आवाज कुठे घाईचा झाला नाही, कुठे चढला नाही. पूर्वी रोज सकाळी सरांच्या टेबलापुढे उभ्या राहून त्या असंच वाचायच्या. तीस तारखेच्या पहाटेचा आकडा आला तेव्हा सरांनी हात वर केला.

“पुरे.” त्यांनी हात खाली घेतला. “जानेवारीत मला कळलं होतं,” ते म्हणाले. “इतर ठिकाणांचे आकडे छापून आले. मी पाहिले.”

चारुलताबाईंनी रजिस्टर मिटलं. इतकी वर्षं त्यांनी एक गोष्ट मनाशी धरून ठेवली होती, की सरांना खरंच तसं वाटलं होतं. चूक माणसाची होते. त्यावर त्यांनी अकरा महिने काढले होते, बढत्या सोडून दिल्या होत्या.

“जानेवारीत मी लायब्ररीत होते, सर,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“एक निरोप पाठवला असता तर आले असते. शेरा नसता काढला तरी चाललं असतं. मशीन तर चालू राहिली असती.”

सरांनी मान खाली घातली. “फाइल गेली होती. समिती येऊन खूश होऊन गेली होती. परत घ्यायची म्हणजे सगळ्यांपुढे...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, “मी बांधलेलं यंत्र होतं ते. आयुष्यात एकदा त्यानं एवढं मोठं काही पाहिलं, आणि मीच ते पुसलं. हे मला रोज आठवतं, निमगावकर. तुम्हाला वाटत असेल, विसरलो असेन.”

“नाही वाटत,” बाई म्हणाल्या.

संहितानं टाइप केलेलं पत्र पुढे केलं. सरांनी ते बाजूला सारलं, कोरा कागद मागितला आणि स्वतः लिहायला घेतलं. पेन हळू चालत होतं. त्यांनी लिहिलं, की सदर आठवड्याचे फाइलमधले आकडे त्यांनी स्वतः बदलले, यंत्रात बिघाड नव्हता, निरीक्षकानं त्याच वेळी हे सांगितलं होतं, आणि रजिस्टरमधली नोंद हीच मूळ व खरी नोंद आहे. मग पेन थांबलं.

“आणखी काय लिहू?” त्यांनी बाईंना विचारलं. संहिताला वाटलं, आता बाई लायब्ररीचं, शेऱ्याचं काही म्हणतील.

बाईंनी कागद घेऊन एकदा वाचला. “तारीख राहिली, सर,” त्या म्हणाल्या. “आणि सही पूर्ण करा. नुसती आद्याक्षरं चालत नाहीत.”

सरांनी तारीख घातली, पूर्ण सही केली.

बाहेर पडल्यावर रिक्षात संहितानं विचारलं, “ते अकरा महिने, ताई. दोन्हीकडचे आकडे आहेत आपल्याकडे. मधली रेघ मी अंदाजानं जोडून देऊ शकते. हल्ली करतात तसं, तसं स्पष्ट लिहूनच.”

“नको. मोजलं नाही ते मोजलं म्हणून दाखवायचं नाही. रिकामं ठेव.”

पाच महिन्यांनी संहिता परत आली. दुरुस्त केलेली नोंद स्वीकारली गेली होती, चौतीस वर्षांची, मधली अकरा महिन्यांची जागा मोकळी सोडून. तिचा शोधनिबंधही छापून आला होता. लेखकांत तिच्या नावानंतर दुसरं नाव होतं चारुलता निमगावकर यांचं. बाईंनी ते पाहून एवढंच विचारलं की स्पेलिंग कुणी तपासलं. पण संध्याकाळी मुकुल तो अंक गल्लीत तीन घरी दाखवून आला, तेव्हा त्यांनी त्याला अडवलं नाही.

कॉलेजच्या सभागृहात व्याख्यान ठेवलं होतं. नीरज सरांनी बाईंना पहिल्या रांगेत बसवलं. मुलं बरीच आली होती, काही जुने शिक्षकही. व्याख्यान सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर मागचं दार उघडलं आणि काठीचा आवाज आला. कुणीतरी कुजबुजलं, शितोळे सर. ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

संहिता सोपं करून सांगत होती. सूर्याचा वारा, त्यात अडकलेलं चुंबकत्व, बाहेरून येणाऱ्या किरणांची वाट कशी अडते, वादळ पुढे सरकतं तेव्हा ते आपल्यापुढचे किरण बाजूला लोटत कसं येतं. मग तिनं पडद्यावर पाच रेघा आणल्या.

“ही पाचवी इंदूरची,” ती म्हणाली. “या कॉलेजच्या मागच्या खोलीतली. बावीस वर्षं आम्ही सगळे समजत होतो की इंदूरला काही दिसलंच नाही. इंदूरला दिसलं होतं. ज्यांनी ते पाहिलं आणि लिहून ठेवलं, त्या इथे बसल्या आहेत.”

टाळ्या वाजल्या. नीरज सर वाकून म्हणाले, “बाई, जरा उभ्या राहा ना. मुलांना दिसू दे.”

“बसू दे मला,” बाई हळूच म्हणाल्या. “गुडघा धरलाय.” गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

टाळ्या थांबल्या आणि तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लोक वळून पाहायला लागले. शितोळे सर उठले होते. एका हातानं काठी, दुसऱ्या हातानं पुढच्या खुर्चीची पाठ धरून ते उभे होते. कुणाला वाटलं, निघाले. शेजारचा माणूस त्यांना हात द्यायला उठला. सरांनी मान हलवून नको म्हटलं. ते कुठे जात नव्हते. ते नुसते उभे होते. मग एकेक करत जुने शिक्षक उभे राहिले, आणि त्यांच्यामागे, का ते न कळताच, मुलंही.

चारुलताबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. खुर्च्यांचा आवाज त्यांना ऐकू येत होता. त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला आणि पडद्याकडे पाहत राहिल्या. पाचव्या रेघेवर बाराच्या आकड्यापाशी उतार सुरू होत होता, आणि पहाटेपर्यंत एकही तास कुठे गाळलेला नव्हता.